शेतघरातील उष्णतेची सोय : शेण, सरपण आणि सूर्य

रब्बीच्या पेरण्या आटोपतात आणि मार्गशीर्षाची थंडी अंगाला झोंबू लागते. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात व विदर्भाच्या पूर्व भागात या दिवसांत पारा अनेकदा एक आकडी अंशांवर येतो. पहाटे बंब पेटतो, चुलीपुढे मुले गोळा होतात, रात्री ओसरीवर शेकोटी पेटते आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी जाते. वर्षातील इतर आठ महिने इंधनाचा विचार न करणाऱ्या घरातही या चार महिन्यांत गोवऱ्यांचा कलवड झपाट्याने खाली येतो. अशा वेळी जे हाती लागेल ते जाळले जाते. शेतात जावयाचे शेण चुलीत जाते आणि चुलीचा धूर घरधनिणीच्या छातीत जातो.

आपल्या शेतावर उष्णतेची वाण नाही. शेण, तुराट्या, पऱ्हाट्या, बांधावरील झाडांच्या फांद्या आणि बाराही महिने येणारे ऊन ही सर्व उष्णतेचीच साधने होत. त्यांतील कोणते साधन कोणत्या कामास लावावे, याचा हिशेब मात्र बहुतेक घरांत केला जात नाही. प्रस्तुत लेखात तो हिशेब मांडण्याचा हेतू आहे.

गरज किती?

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास जी उष्णता लागते तीस एक उष्मांक, म्हणजेच एक किलोकॅलरी, म्हणतात. हे एक माप ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सारे गणित सोपे होते.

पाच माणसांचे कुटुंब घेऊ. घरात दोन बैल, एक गाय, एक म्हैस आणि एक वासरू आहे असे समजू. प्रत्येकास स्नानासाठी २० लिटर ऊन पाणी धरले, तर रोज १०० लिटर पाणी तापवावे लागते. थंडीत २० अंशांचे पाणी ४५ अंशांपर्यंत नेण्यास २,५०० उष्मांक हवेत. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ४,००० उष्मांक असतात; परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यांपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्यास मिळतात. उरलेली उष्णता वाऱ्यावर व धुरावाटे निघून जाते. म्हणजे एक किलो लाकडातून आपल्या पदरात ४०० ते ६०० उष्मांक पडतात, आणि केवळ स्नानाच्या पाण्यासाठी रोज चार ते सहा किलो सरपण लागते. हिवाळ्याच्या १२० दिवसांत हे सरपण अर्ध्या ते पाऊण टनावर जाते. स्वयंपाक त्याखेरीज.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक म्हणजे, स्नानाचे पाणी हा शेतघरातील इंधनाचा मोठा गिऱ्हाईक आहे. दुसरी अशी की, सरपण वाढविण्यापूर्वी चूल सुधारणे अधिक फायद्याचे आहे.

शेण जाळावे की कुजवावे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर फार दिवसांपासून ठाऊक आहे. आचरणात मात्र ते कमी येते. २५ किलो ताज्या शेणाचा हिशेब पाहू. ताज्या शेणात सुमारे चार पंचमांश पाणीच असते. तेव्हा गोवऱ्या थापून वाळविल्यावर पाच किलोच्या आसपास वजन उरते. एक किलो गोवरीत २,००० ते ३,००० उष्मांक असतात व चुलीवर त्यांतील सुमारे १० टक्के कामी येतात. म्हणजे २५ किलो शेण जाळून भांड्यास १,००० ते १,५०० उष्मांक मिळाले. शेतास मिळाली ती केवळ राख. राखेत पालाश राहतो, काही स्फुरदही राहतो. परंतु नत्र व सेंद्रिय द्रव्य जळून गेलेले असते.

हेच २५ किलो शेण तितक्याच पाण्यात कालवून गोबर वायू संयंत्रात घातले, तर ऊबदार हवामानात सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. एका घनमीटरात सुमारे ४,७०० उष्मांक असून चांगल्या शेगडीवर त्यांतील निम्म्याहून अधिक भांड्यास लागतात. म्हणजे सुमारे २,६०० उष्मांक पदरात पडले. शिवाय संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या रबडीत नत्र शिल्लक असते व ती शेतात जाते. त्याच शेणातून जवळजवळ दुप्पट उष्णता मिळते, धूर होत नाही आणि खतही हाती राहते. याहून चोख व्यवहार शेतकऱ्यास क्वचितच सापडेल.

या विद्येस आपल्या देशात बरीच वर्षे झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र तयार केले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने याच धर्तीच्या संयंत्राचा गावोगाव प्रसार केला. १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ हे संपूर्ण विटांच्या बांधकामाचे, स्थिर घुमटाचे संयंत्र पुढे आले. तरंगत्या लोखंडी टाकीस वरचेवर रंग द्यावा लागतो, अन्यथा ती गंजते. परंतु वायू किती आहे हे टाकी वर आलेली पाहून चटकन कळते. घुमटाच्या संयंत्रास गंजण्याचे भय नाही व ते स्वस्त पडते. परंतु त्याचे बांधकाम शिकलेल्या गवंड्याकडूनच करून घेतले पाहिजे, कारण घुमटास केसाएवढी भेग राहिली तरी वायू टिकत नाही.

पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालय जोडलेल्या संयंत्रांचे काम अनेक वर्षे चालविले. या कार्याबद्दल त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. शौचालय जोडल्याने वायूत थोडी भर पडते. त्याहून मोठा लाभ स्वच्छतेचा होय.

संयंत्र बंद का पडते?

अनेक गावांत मोडकळीस आलेली संयंत्रे दिसतात व त्यावरून ‘गोबर गॅस चालत नाही’ असा समज होतो. त्याचे एक सर्वसाधारण कारण असे की, जनावरांची संख्या पाहून संयंत्र बांधले जाते, गोळा होणारे शेण मोजून नव्हे. वर धरलेल्या कुटुंबातील जनावरे दिवसाकाठी ५० किलोच्या आसपास शेण देतील. पण बैल दिवसभर औतावर व गाय रानात असेल, तर गोठ्यात ३५ किलोच पडेल. रानात पडलेले शेण हिशेबात धरता येत नाही. मोठे संयंत्र अर्धपोटी राहते, वायू कमी येतो, घरची मंडळी कंटाळतात व शेवटी शेण पुन्हा उकिरड्यावर किंवा गोवऱ्यांत जाते.

म्हणून संयंत्राचा विचार करण्यापूर्वी सलग सात दिवस गोठ्यातील शेण पाटीने मोजावे व एक पाटी वजन करून पाहावी. एका माणसाच्या स्वयंपाकास दिवसाला सुमारे पाव घनमीटर वायू लागतो. ३५ किलो शेणापासून सुमारे १.४ घनमीटर वायू मिळेल. तो पाच माणसांच्या स्वयंपाकास पुरेल. स्नानाच्या पाण्यास पुरणार नाही. अशा घराने २ घनमीटरपेक्षा मोठे संयंत्र घेऊ नये.

थंडीत वायू घटतो, कारण वायू तयार करणारे सूक्ष्म जीव उबेत काम करतात. त्यावर उपाय घरचेच आहेत. शेण सकाळच्या गार पाण्यात न कालविता दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात कालवावे. संयंत्र झाडाच्या सावलीत न बांधता उघड्या उन्हात बांधावे. घुमटावर माती व पाचटाचा थर द्यावा. विहिरीपासून ते किमान १५ मीटर दूर असावे. नळी गळते की काय हे पाहण्यास साबणाचा फेस लावावा; काडी ओढून कधीही पाहू नये. पहिल्या भरणीनंतर येणाऱ्या वायूत हवा मिसळलेली असते, म्हणून तो उघड्यावर सोडून द्यावा. रबडी उन्हात वाळविल्यास तिच्यातील नत्राचा काही अंश उडून जातो. ती पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी किंवा खताच्या खड्ड्यात पालापाचोळ्यावर ओतावी.

सरपण व चूल

शेण संयंत्राकडे वळविल्यावर सरपण उरते ते शेतातील लाकडी अवशेषांचे. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, कोकणात नारळाच्या झावळ्या व सोडणे, आणि बांधावरील फांद्या हे योग्य सरपण होय. उसाचे पाचट मात्र जाळू नये. ते खोडव्यात आच्छादन म्हणून राहिल्यास जमिनीची ओल टिकते.

पऱ्हाट्यांविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. एकरी सुमारे टनभर पऱ्हाटी निघते व ती बांधावर किंवा घराजवळ रचून पुढील पावसाळ्यापर्यंत जाळली जाते. तिच्यावर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून बसते व नव्या हंगामात पतंग होऊन शेतात उतरते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कपाशीचे केवढे नुकसान केले हे शेतकरी विसरलेले नाहीत. म्हणून हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटाव्यात, त्यांवरील बोंडे व कवड्या तोडून नष्ट कराव्यात, मगच काड्या रचाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी संपवाव्यात. चुलीच्या सोयीपायी पुढील पीक अळीच्या स्वाधीन करणे शहाणपणाचे नाही.

बांधावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावल्यास पाला हिरवळीच्या खतास व चाऱ्यास आणि काड्या चुलीस मिळतात. सुबाभळीचा पाला जनावरांस इतर चाऱ्यात मिसळून थोडाच द्यावा. बाभळीचे लाकूड जळण्यास उत्तम व टिकाऊ असते. दरवर्षी छाटणी करून झाड राखावे. मुळापासून तोडू नये.

ओले लाकूड जाळणे हा निव्वळ तोटा आहे. लाकडातील एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ६०० उष्मांक खर्ची पडतात आणि धूर होतो तो वेगळाच. उन्हाळ्यात फोडून, पावसाळ्यात पडवीत झाकून ठेवलेले सरपण हिवाळ्यात कोरडे मिळते. लाकूड मनगटाहून जाड ठेवू नये.

चुलीच्या सुधारणेचा इतिहासही जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन शाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरांविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालविला. या सर्वांचे तत्त्व एकच : जाळ चारी बाजूंनी बंदिस्त करावा, निघून जाणारी उष्णता मागील वैलावरील भांड्यास द्यावी आणि धूर धुराड्यावाटे छपराबाहेर काढावा. चांगल्या चुलीत निम्मे सरपण वाचू शकते. परंतु धुराड्यात काजळी साचली की धूर उलटा घरात येतो. पंधरा दिवसांनी धुराडे साफ केले नाही, तर सुधारित चूल व जुनी चूल यांत फरक राहत नाही.

हा प्रश्न केवळ सरपणाच्या बचतीचा नाही. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे बसणाऱ्या स्त्रियांना दम्यासारखा जुनाट श्वासविकार जडतो, डोळ्यांस मोतीबिंदूचा धोका वाढतो. कडेवरच्या मुलास न्यूमोनिया होण्याचे भय अधिक असते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत सिलिंडर आले, तरी पाणी तापविण्यास व भाकरीस चूल पेटतेच. म्हणून घरात सिलिंडर असला तरी चूल सुधारण्याचे काम टळत नाही.

स्नानाचे पाणी सूर्याकडे

ज्या कामास सर्वांत अधिक उष्णता लागते परंतु तापमान फार लागत नाही, ते काम सूर्यास द्यावे. स्नानाचे पाणी हे तसे काम होय. आपल्या राज्यात हिवाळ्यातील आकाश बहुधा निरभ्र असते; म्हणजे गरज व पुरवठा एकाच ऋतूत येतात. दिवसाला १०० लिटर पाणी तापविणाऱ्या सौर बंबास सपाट पत्र्याच्या प्रकारात सुमारे दोन चौरस मीटर तावदान लागते. पाणी ६० अंशांच्या आसपास तापते व उष्णतारोधक टाकीत सकाळपर्यंत ऊन राहते. त्यात गार पाणी मिसळून सर्वांची स्नाने होतात. तावदानाचे तोंड दक्षिणेस असावे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर नळ्यांत पापुद्रे जमून पाणी तापेनासे होते; अशा ठिकाणी नळ्या वेळोवेळी साफ कराव्या लागतात हे घेण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी काळा रंग दिलेले पत्र्याचे पिंप दक्षिणेकडील भिंतीशी ठेवावे व त्यावर काचेचे झाकण करावे. दुपारी चारच्या सुमारास पाणी कोमट होते. ते बंबात भरून पोत्याने गुंडाळावे. पहाटे थोड्याशा तुराट्यांवर ते कढत होते. वीस अंशांऐवजी पस्तीस अंशांपासून सुरुवात झाली, तर वर केलेल्या गणितातील २,५०० उष्मांकांऐवजी १,००० च लागतात. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, त्या दिवसांपुरते सरपण राखून ठेवावे.

घराची ऊब आणि शेगडीचा धोका

घर उबदार ठेवण्यास जाळापेक्षा भिंती अधिक उपयोगी पडतात. आपल्याकडील जाड मातीच्या भिंती व माळवदाची किंवा धाब्याची घरे दिवसाचे ऊन शोषून रात्री हळूहळू सोडतात. पत्र्याचे छप्पर मात्र सूर्यास्तानंतर तासाभरात गार पडते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचा माळा घालून त्यावर कडब्याचा अगर भुशाचा थर दिला, तर रात्रीची थंडी व उन्हाळ्याची तलखी दोन्ही कमी होतात. मात्र असा माळा चुलीच्या व धुराड्याच्या वर घालू नये. नवे घर बांधताना खिडक्या व पडवी दक्षिणेस ठेवावी. ऐन थंडीत दुपारचा सूर्य महाराष्ट्रात क्षितिजापासून ४५ ते ५० अंशांवर असतो व दक्षिणेच्या खिडकीतून आत येतो. मे महिन्यात तो डोक्यावर असल्याने त्याच खिडकीतून ऊन शिरत नाही. उत्तरेकडील फटी लिंपून घ्याव्यात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवणे प्राणघातक आहे. निखाऱ्याचा धूर दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. प्रथम डोके दुखते, घेरी येते, मळमळते, मग सुस्ती येते. आणि झोपलेल्या माणसास यांतील काहीच कळत नाही. थंडीच्या दिवसांत संबंध कुटुंबे अशा रीतीने झोपेतच दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडतात. बंद न्हाणीघरात वायूवर चालणारा बंब लावल्यानेही हाच अपघात होतो.

बाळंतिणीस शेक-शेगडी देण्याची आपली रीत मायेची आहे. ती बंद खोलीत पाळली जाऊ नये इतकेच सांगणे आहे. वीट, वाळूची पुरचुंडी किंवा फडके अंगणातील चुलीवर तापवून आत आणावे व शेक द्यावा. फडक्याची उष्णता आधी स्वतःच्या हातावर पाहावी. गरम पाण्याची पिशवी दुहेरी कापडात गुंडाळून आईस द्यावी. बाळास लावू नये. नवजात बालकास खरी ऊब मातेच्या अंगाची असते. डोक्यास टोपडे घालून त्यास आईच्या उघड्या छातीशी धरावे व वरून दोघांना गोधडी पांघरावी. कोणास शेगडीच्या खोलीत घेरी आल्याचे दिसताच दारे उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

समारोप

वरील विवेचनाचा अर्थ थोडक्यात असा : शेण चुलीत न घालता संयंत्रात घालावे व त्यावर स्वयंपाक करावा, काड्या व फांद्या बंदिस्त चुलीत, वाळवून व बोंडअळीपासून निर्मळ करून जाळाव्यात, स्नानाचे पाणी सूर्याकडून तापवून घ्यावे, आणि घराची ऊब भिंतींवर, छपरावर व पांघरुणावर सोपवावी, बंद खोलीतील निखाऱ्यावर नव्हे.

हे सर्व एका वर्षात होणे कठीण आहे. म्हणून क्रम लावून घ्यावा. खोलीतील शेगडी आज रात्रीपासूनच बाहेर ठेवता येईल; त्यास एक पैसाही लागत नाही. या महिन्यात चुलीस धुराडे बसवावे. उन्हाळ्यात सरपण फोडून झाकावे व पावसाळ्याच्या तोंडाशी बांधावर गिरिपुष्पाची छाटे लावावीत. सात दिवस शेण मोजून झाल्यावर संयंत्राच्या आकाराविषयी व मिळू शकणाऱ्या साहाय्याविषयी आपल्या पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी. चौकशीस जाताना मोजलेल्या शेणाचा आकडा बरोबर न्यावा आणि शक्य तर घरधनिणीसही बरोबर न्यावे. कारण चुलीपुढे बसावयाचे असते ते तिला, आणि संयंत्र चालेल की नाही हेही तिच्याच हाती असते.